चार बॅरल-एज्ड इम्पीरियल स्टाउट, एक टेबल: तुलना करायची तरी कशी?

घोटभर:
इम्पीरियल स्टाउट म्हणजे भाजक्या धान्याची, जास्त अल्कोहोलची काळी बिअर; बॅरल-एज्ड म्हणजे दारूच्या वापरलेल्या लाकडी पिंपात मुरवलेली. वेगवेगळ्या स्थानिक क्राफ्ट ब्रुअरींच्या चार बाटल्या आहेत, सगळ्या ३३० मिलीच्या. लेबलांवर सापडलं ते असं (टक्के अल्कोहोलचे):

अ: बर्बनचं (अमेरिकन व्हिस्कीचं) पिंप, १० महिने, १२.५%
ब: बर्बनचं पिंप, ६ महिने, ११%
क: रमचं पिंप, ८ महिने, ११.५%, वर कॉफी आणि व्हॅनिला
ड: पिंपाचा उल्लेख नाही, नुसतं 'ओकवर मुरवलेली', १०%, बाटलीत भरून दीड वर्ष झालेलं

चाखणारे पाच जण. नुसतं ओतून दहापैकी गुण दिले की जिच्यात दारू जास्त जाणवते ती पहिली येणार, हे उघड आहे. ते टाळायचंय. तीन गोष्टी हव्यात: क्रम आणि तापमान, पिंपाची चव आणि मूळ बिअरची चव वेगळी कशी काढायची, आणि आंबट किंवा सोया सॉससारखं काही लागलं तर तो दोष धरायचा की नाही. जाणकारांनी सांगावं.

ओकवाला:
पहिली गोष्ट, ही चौघींची स्पर्धाच नाही. अ आणि ब ची जोडी लागते. क मध्ये कॉफी-व्हॅनिला असल्यामुळे तिथे पिंपाबद्दल काहीही खात्रीने बोलता येत नाही, कारण पिंपाच्या ओक लाकडातूनही व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचं द्रव्यच येतं. व्हॅनिलाच्या शेंगेचं कुठलं आणि लाकडाचं कुठलं, हे जिभेला कळत नाही. ड बहुधा पिंपात गेलेलीच नाही. 'ओकवर मुरवलेली' म्हणजे टाकीत ओकचे तुकडे किंवा चिप्स टाकलेल्या असू शकतात. त्यात व्हॅनिला झटपट उतरतो, पण पिंपाच्या फळ्यांतून महिनोन्‌महिने हळूहळू झिरपणारा ऑक्सिजन मिळत नाही. पिंपातल्या स्टाउटला मनुका, खजूर, शेरी वाइन अशी जी गोलाई येते ती त्या ऑक्सिजनची. चिप्सवाली चांगली असू शकते, पण तिला अ च्या शेजारी बसवून 'खोली कमी' म्हणणं अन्यायाचं.

मांडणी अशी करा. बाटल्या आदल्या दिवसापासून उभ्या ठेवा म्हणजे गाळ तळाला बसेल. प्रत्येकाला ६० मिली. पाच जणांचे ३०० मिली झाले, उरलेले ३० मिली गाळासकट बाटलीतच राहू द्या. साठ ही कंजुषी नाही: सरासरी ११ टक्के धरली तरी चार नमुन्यांत जवळपास २१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं आणि चौथ्या ग्लासाला नाक आधीच सुस्तावलेलं असतं. थुंकायला भांडं ठेवलंत तर आणखी बरं.

ग्लास तोंडाशी निमुळता, ट्यूलिप किंवा स्निफ्टर, सगळ्यांना एकाच मापाचा. ओतल्यावर वर बशी झाका. क्रम ड, ब, अ, आणि क सगळ्यात शेवटी. कॉफी एकदा जिभेवर बसली की पुढच्या दोन ग्लासांत भाजलेलं सोडून काही लागत नाही. मध्ये साधं पाणी आणि बिनमिठाचा पाव. चॉकलेट, चीज वगैरे तुलना संपल्यावर.

आता पिंप आणि बिअर वेगळं काढणं. पिंपाकडून येतं ते: व्हॅनिला, नारळ (लॅक्टोन, अमेरिकन ओकमध्ये जास्त), लवंग (युजेनॉल), जळक्या लाकडाचा धूर (ग्वायाकॉल), शिवाय लाकडात मुरलेली मूळ दारू. माल्टकडून (मोड आणून भाजलेल्या धान्याकडून) येतं ते: कोको, कॉफी, काकवी, करपलेल्या पावाची कड. सुकामेवा मधलाच, थोडा यीस्टचा, थोडा वयाचा. नाकाने पिंप पकडा, घोट गिळल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात माल्ट पकडा. नाक नुसतं बर्बन आणि घशाखाली काहीच उरत नसेल, तर मूळ बिअर हलकी होती आणि पिंपाने तिला खाऊन टाकलं. अशा बाटलीला पहिल्या घोटाला सगळे वाहवा करतात. तिसऱ्या घोटाला ती उघडी पडते.

हायड्रोमीटर:
क्रमाबद्दल सहमत, पण महिन्यांच्या आकड्यावर फार विसंबू नका. पिंपातल्या दारूची चव पहिल्या काही आठवड्यांतच बिअरमध्ये उतरते. लाकडाचा टॅनिन (तुरट अंश) आणि ऑक्सिजनचं काम मागाहून, सावकाश. म्हणून ६ महिन्यांची ब नाकाला अ पेक्षा जास्त 'बर्बन' वाटली तर नवल नाही. पिंप कितव्यांदा भरलंय हे त्याहून महत्त्वाचं. बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकमध्येच मुरवायची असा अमेरिकेचा नियम आहे, म्हणून एकदा वापरलेली पिंपं बिअरवाल्यांना मिळतात. त्यात पहिल्यांदा भरलेली स्टाउट आणि त्याच पिंपात दुसऱ्यांदा भरलेली स्टाउट यांत दारू आणि व्हॅनिला दोन्हींचा फरक ठळक असतो. लेबलवर नसेल तर ब्रुअरीला विचारा, हा प्रश्न त्यांना नवा नाही.

पिंपाचा आकारही विचारा. बर्बनचं नेहमीचं पिंप साधारण २०० लिटरचं. २० लिटरच्या छोट्या पिंपात दर लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग दुपटीहून थोडा जास्त पडतो. तिथे सहा महिने ठेवलं तर चहा उकळून कडू करावा तसं हिरड्या आवळणारं लाकूड हाती येतं.

लेबलवरची टक्केवारी कुठून आली तेही ताडता येतं. समजा ब्रुअरीने ओरिजिनल ग्रॅव्हिटी (आंबवण्याआधीची घनता, पाण्याची १ धरून) १.१२० आणि आंबवून झाल्यावर, पिंपात भरण्याआधीची फायनल १.०३४ दिली आहे. (१.१२० − १.०३४) × १३१.२५ = ११.३%. हे सोपं सूत्र इतक्या जड बिअरला अर्धा टक्का कमी दाखवतं, म्हणजे प्रत्यक्षात ११.८ च्या आसपास. लेबलवर १२.५ असेल तर उरलेलं बहुतेक लाकडातून आलं. फळ्यांत मुरलेली ४ लिटर, ६० टक्क्यांची दारू २०० लिटर स्टाउटमध्ये उतरली तर टक्केवारी साधारण एकाने चढते. शिवाय कोरड्या कोठारात पाणी जास्त उडतं आणि टक्का चढतो, दमट कोठारात अल्कोहोल जास्त उडतं.

घरी मोजणार असाल तर आधी गॅस पूर्ण घालवा आणि हायड्रोमीटरच (घनता दाखवणारी तरंगती नळी) वापरा. तयार बिअरमध्ये रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वळण्यावरून साखर मोजणारा) अल्कोहोलमुळे फसतो. आकडा हाती आला की गोडव्यावरची निम्मी भांडणं मिटतात: १.०२५ वर संपलेली आणि १.०४५ वर (म्हणजे जास्त साखर उरून) संपलेली, या दोघी एका मापाने मोजायच्या नसतात.

घोटभर:
दोघांचे आभार. तापमानाचं राहिलं. आणि एक शंका: अशा स्टाउटचा फेस अर्ध्या मिनिटात बसतो, त्याचे गुण कापायचे का?

काळा_फेस:
कापू नका. इतकं अल्कोहोल फेसाला टिकू देत नाही आणि महिनोन्‌महिने पिंपात राहिलेल्या बिअरमध्ये फेस धरणारी प्रथिनंही कमी होतात. तांबूस-तपकिरी फेस वर येऊन ग्लासाच्या कडेला रिंगण राहिलं तरी पुरे. बघायचंच तर गॅस बघा. १.८ ते २.२ व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाच्या तितके पट विरघळलेला गॅस) ठीक. त्याहून जास्त असेल तर बुडबुडे जिभेला टोचतात, बिअर पातळ वाटते आणि कडवटपणा खोटा चढतो. तशी निघाली तर एका ग्लासातून दुसऱ्यात दोनदा ओता आणि मग चाखा. अजिबात गॅस नसेल तर मात्र काकवी प्यायल्यासारखं होतं, ते गुण जरूर कापा.

तापमान १० ते १४ अंश. फ्रिजमधून थेट ४ अंशांवर ओतलीत तर भाजकेपणा आणि कडवटपणा तेवढा पुढे येतो, पिंप झोपलेलं राहतं. १८ च्या वर गेली की अल्कोहोल नाकात घुसतं. चारही बाटल्या एकदम बाहेर काढा आणि अंदाज बांधत बसू नका, एका ग्लासात थर्मामीटर बुडवा. प्रत्येक ग्लास दोनदा चाखा, १० अंशांना आणि १५ ला. थंडपणी ठीक वाटलेली बिअर १५ ला थिनरसारखी घशाला जाळत असेल तर ते जास्त तापमानात घाईने आंबवल्याचं लक्षण. छातीत उतरणारी ऊब वेगळी, ती चालते.

तळातला_गाळ:
दोषांवर लिहितो, कारण 'पिंपातली आहे, असं लागायचंच' या सबबीखाली बरंच काही खपवलं जातं.

आंबटपणा दोन प्रकारचा. दह्यासारखा, जिभेच्या कडांना लागणारा, वास फारसा नसलेला: लॅक्टिक, म्हणजे लॅक्टोबॅसिलस किंवा पेडिओकॉकस या जिवाणूंचं काम. पेडिओकॉकस असेल तर जोडीला लोण्याचा वास. व्हिनेगरसारखा, नाकात चढणारा: असिटिक. त्याला ऑक्सिजन लागतो, म्हणजे पिंप बराच काळ अर्धवट रिकामं राहिलं किंवा वरचेवर बूच काढून चाखत बसले. त्याच्या पुढची पायरी म्हणजे इथाइल असिटेट, नेलपॉलिश रिमूव्हरचा वास. ज्या बाटलीवर 'सावर' किंवा 'वाइल्ड' (मुद्दाम आंबट केलेली) लिहिलेलं नाही, तिथे हे तिन्ही दोषच.

'एवढ्या अल्कोहोलमध्ये जंतू कसले वाढतात' हेही ऐकू येतं. वाढतात. शिकागोच्या गूज आयलंडची बर्बन काउंटी ही या प्रकारातली सगळ्यात नावाजलेली बिअर. तिचा २०१५ चा काही माल लॅक्टोबॅसिलस असिटोटॉलरन्समुळे बिघडला, कंपनीने पैसे परत केले आणि पुढच्या वर्षीपासून बिअर पाश्चराइझ करायला घेतली. लाकूड सच्छिद्र असतं, ते स्टीलच्या टाकीसारखं निर्जंतुक होत नाही. आतल्या दारूचा धाक असतो तेवढाच, आणि दारू काढल्यावर पिंप कोरडं पडून राहिलं की तोही जातो.

सोया सॉस: यीस्टच्या पेशी फुटून आतला मांसल, खारट अंश बाहेर येतो, त्याला ऑक्सिजनची जोड मिळते. जुन्या, उबेत ठेवलेल्या बाटल्यांत हमखास. निसटता असेल तर काही जण सोडून देतात, मी सोडणार नाही. शेरी आणि मनुका मात्र त्याच ऑक्सिजनची चांगली बाजू. भिजक्या पुठ्ठ्याची चव आली तर ती ओकची नव्हे, बाटली भरताना हवा शिरली त्याची. तुमच्या ड ला दीड वर्ष झालंय, तिथे हे तिन्ही मुद्दाम शोधा.

क मध्ये सिमला मिरचीचा हिरवा वास आला तर दचकू नका. कॉफी घातलेली स्टाउट जुनी होताना असं करते. म्हणून कॉफीवाली बाटली जपून ठेवायची नसते, भरल्याच्या तारखेपासून पहिल्या काही महिन्यांतच उघडायची. रमच्या पिंपाकडून बर्बनइतका नारळ-व्हॅनिला मागू नका. रमवाले बहुतेकदा बर्बनचीच वापरलेली पिंपं घेतात, त्यामुळे लाकूड तोवर बरंचसं दमलेलं असतं. तिथे काकवी आणि पिकल्या केळ्याकडे झुकणारा फळांचा वास शोधा.

बाटली उघडताच फेस कारंज्यासारखा उडाला तर चाखण्याआधीच तिला बाजूला करा. आत काहीतरी अजून आंबतंय. त्याच खेपेच्या न उघडलेल्या बाटल्या थंडगार ठेवा, काच फुटू शकते.

हायड्रोमीटर:
वरच्यात एवढंच: एकाच ब्रुअरीची, एकाच नावाची गेल्या वर्षीची आणि यंदाची बाटली एक समजू नका. शेजारशेजारची दोन पिंपंही सारखी निघत नाहीत, म्हणून बहुतेक जण अनेक पिंपं चाखून मिसळतात आणि बिघडलेलं पिंप ओतून देतात. 'सिंगल बॅरल' लिहिलेली बाटली म्हणजे ते सावरून घेणंच नाही. टिपणात खेप क्रमांक आणि भरल्याची तारीख लिहा, नाहीतर टिपण पुढे निरुपयोगी.

घोटभर:
अ आणि ब मधला फरक खरंच कळतोय की लेबल वाचून कळतोय, हे कसं तपासायचं? रंग तर दोन्हींचा काळाच.

ओकवाला:
काळा आहे हे सोयीचंच. त्रिकोणी चाचणी करा. एकाने आत जाऊन तीन ग्लास भरायचे, दोन अ चे आणि एक ब चा, किंवा उलट, आणि खाली चिठ्ठी चिकटवायची. फेस बसल्यावरच बाहेर आणायचे, कारण गॅसच्या फरकावरून चोरी पकडली जाते. चाखणाऱ्याने फक्त वेगळा ग्लास ओळखायचा, आवडनिवड सांगायची नाही. नुसत्या अंदाजाने तीनातून एकदा बरोबर येतंच. म्हणून सहा प्रयत्नांत पाचदा बरोबर आलं तरच फरक कळतो म्हणायचं. चारदा बरोबर येणं निव्वळ नशिबानेही दहातून एकदा घडतं. घोट १५ मिलीचे ठेवा. हिशेब करा: सहा प्रयत्न म्हणजे अठरा ग्लास, २७० मिली. त्यामुळे हे चौघींच्या टेस्टिंगच्या दिवशी नको आणि अ-ब ची जादा बाटली लागेल. पाच जणांत प्रयत्न वाटून घेतलेत तर चालतं, फक्त निकाल मग सगळ्यांचा मिळून धरायचा, एकट्याचा नाही.

घोटभर:
जादा बाटल्या आणतो. उघडलेली आणि उरलेली टिकते का?

काळा_फेस:
बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, दुसऱ्या दिवसापर्यंत ठीक. गॅस गेलेला असतो, पण अ सारखी बाटली दुसऱ्या दिवशी कमी दारूटही वाटू शकते. ड ला मात्र तेवढाही वेळ देऊ नका, तिने आधीच दीड वर्ष हवा खाल्ली आहे.