नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा: केवळ विजयाची घोषणा की चलनाचा निर्णय?

प्रश्न (एम.ए. इतिहास, दुसरे वर्ष)
नाशिकजवळ जोगलटेंभी येथे 1906 मध्ये सापडलेल्या निधीवर (पुरून ठेवलेल्या नाण्यांच्या साठ्यावर) मी निबंध लिहीत आहे. त्यातील तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी सुमारे 9,270 नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला आहे आणि उरलेली, त्याने हरवलेल्या क्षत्रप राजा नहपानाची नाणी जशीच्या तशी आहेत. बहुतेक पुस्तकांत याचा अर्थ ‘विजयाची घोषणा’ असा एका ओळीत दिलेला असतो. तेवढाच हेतू असेल, तर जवळजवळ तिसरा हिस्सा तसाच का राहिला? नाण्यावरील राजकीय खुणेपासून त्या काळच्या चलनव्यवस्थेपर्यंत पोहोचण्याची रीत कोणती, हे जाणकारांनी सांगावे.

पहिले उत्तर
सुरुवात नाण्यापासूनच करा. पुरोभागावर (दर्शनी बाजूवर) नहपानाचा चेहरा आणि त्याभोवती ग्रीक अक्षरांतील लेख, तर पृष्ठभागावर (मागच्या बाजूवर) बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख, अशी मूळ नाण्याची घडण आहे. त्यावर एका बाजूला तीन कमानींचा चैत्य (टेकडीसारखी आकृती) आणि खाली नागमोडी रेघ, तर दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह (चार टोकांना वर्तुळे असलेला क्रूस) उमटवले आहे. अनेक नाण्यांवर या चैत्याखालून नहपानाचे नाक, हनुवटी किंवा ग्रीक लेखाची काही अक्षरे अजून स्पष्ट दिसतात, म्हणजे जुना चेहरा पुरता पुसून टाकण्याची खटपट टांकसाळीने केलेली नाही. चांदी वितळवून नवी नाणी पाडायची तर इंधन, मजुरी आणि धातूची घट सोसावी लागते. नुसता ठसा मारण्याचे काम त्या मानाने फार स्वस्त पडते.

सातवाहनांचे रोजचे चलन प्रामुख्याने शिसे, तांबे आणि पोटीन (एक हलका मिश्रधातू) यांचे होते. चांदीच्या नाण्यांची सवय जडलेला प्रदेश हाती आल्यावर तिथले चलन मोडण्याऐवजी त्यालाच आपली मान्यता देणे हा माझ्या मते विचारपूर्वक घेतलेला आर्थिक निर्णय होता. विजयाची घोषणा त्यातून आपोआपच होत होती. ठसा न मारलेली नाणीही त्याच साठ्यात ठेवलेली होती, यावरून साठवणाऱ्याला दोन्ही प्रकार चालत होते एवढे मात्र म्हणता येते.

दुसरे उत्तर
वरील मताला लेण्यांतील शिलालेखांची जोड द्यायला हवी, कारण नाणे काय करत होते हे नाण्यापेक्षा शिलालेख अधिक स्पष्टपणे सांगतो. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या पांडवलेण्यातील लेखात 3,000 कार्षापणांची (चांदीच्या नाण्यांची) अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल न मोडता केवळ व्याज वापरायची कायम ठेव, नोंदवली आहे. त्यांपैकी 2,000 कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि 1,000 दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने ठेवले आहेत. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज 240 होते आणि लेखानुसार लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातील मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी (वस्त्रासाठी) द्यायचे आहेत. हिशेब अगदी तंतोतंत जुळतो! त्याच लेखात एका सुवर्णाला (सोन्याच्या नाण्याला) 35 कार्षापण हा दरही दिला आहे.

जिथे श्रेणी ठेवी स्वीकारतात, व्याज देतात आणि सोन्या-चांदीचा दर दगडात कोरला जातो, तिथे नव्या राजाने जुनी चांदी रद्द ठरवली असती तर विहार, श्रेणी आणि व्यापारी या सर्वांचेच व्यवहार कोलमडले असते. हा माझा तर्क आहे, थेट पुरावा नव्हे, आणि निबंधातही तो तर्क म्हणूनच मांडावा.

तिसरे उत्तर
दोन्ही उत्तरे पटली, तरी पुराव्याच्या मर्यादा लक्षात घ्याव्यात. ठशावर ठसा असला की खालचे नाणे आधीचे, एवढा क्रम निर्विवाद ठरतो, आणि त्याची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात गौतमीपुत्राला क्षहरात वंशाचा (नहपानाच्या घराण्याचा) निःशेष नाश करणारा म्हटले आहे त्याच्याशी तो जुळतो. मात्र त्यातून इसवी सन मिळत नाही. नहपानकालीन लेखांतील 41 ते 46 ही वर्षे शकसंवताची की त्याच्या स्वतःच्या राज्यारोहणापासूनची, या वादाचा निकाल हा निधी लावू शकत नाही.

दुसरे असे की निधी म्हणजे टांकसाळीची वही नव्हे. त्यातील दोन तृतीयांश नाण्यांवर ठसा आहे म्हणून साऱ्या प्रदेशातील चलनाचेही तेवढेच प्रमाण होते, असे धरता येत नाही. किती नाणी पाडली गेली याचा अंदाज हवा असेल तर नाणी पाडण्याचे वेगवेगळे साचे ओळखून मोजावे लागतात, आणि दुहेरी ठशांच्या नाण्यांवर खालची आकृती तुटक दिसत असल्याने ते काम किचकट होते. तुमच्या प्रश्नापुरते पाहायचे तर ठसा मारलेल्या आणि न मारलेल्या नाण्यांची वजने स्वतंत्रपणे मांडून तुलना करा. न मारलेली नाणी सातत्याने हलकी किंवा जास्त झिजलेली निघाली, तर ठसा मारण्यापूर्वी नाणी निवडली जात होती असे म्हणायला आधार मिळेल. फरक दिसला नाही, तर काम अर्धवट राहिले असण्याची किंवा ती नाणी टांकसाळीत पोहोचलीच नसण्याची शक्यता अधिक विचारात घ्यावी लागेल.