‘आधारपेशी’ की ‘श्लेषपेशी’?

प्रश्न : मेंदूवरील एका लेखाचे संपादन करताना दोन शब्दांपाशी अडले आहे. मेंदूत चेतापेशींच्या (संदेश वाहणाऱ्या पेशींच्या) सोबतीने असणाऱ्या ग्लायल पेशींना लेखकाने ‘आधारपेशी’ म्हटले आहे, तर चेतापेशींशी चालणाऱ्या त्यांच्या व्यवहाराला ‘आंतरक्रिया’ म्हटले आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

प्रतिसाद १ : ‘आधारपेशी’ हा शब्द सोपा असला तरी तो जुन्या समजुतीला धरून आहे. जर्मन वैद्यक रुडॉल्फ फिरखो यांनी 1856 मध्ये या ऊतीला नाव दिले, ते सरस (चिकटवण्याचा पदार्थ) या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. सुतार काचेच्या कडेने लांबी भरतो तसा चेतापेशींमधल्या जागेत भरलेला पदार्थ अशीच त्यांची कल्पना होती. आज चित्र वेगळे आहे. दोन चेतापेशींच्या संपर्कस्थानी सुमारे 20 नॅनोमीटरची फट असते आणि ताराकार ग्लायल पेशीचे बारीक फाटे अनेकदा त्या फटीला वेढून बसलेले असतात. संदेश देणाऱ्या पेशीने सोडलेले ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन हे फाटे तत्परतेने शोषून घेतात, त्याचे ग्लुटामिन करतात आणि ते चेतापेशीला परत देतात, जेणेकरून तिला त्यापासून पुन्हा ग्लुटामेट तयार करता येते. ही उचल झाली नाही तर ग्लुटामेट साचून चेतापेशी अतिउत्तेजित होतात आणि मरूही शकतात. जिच्यावाचून संदेश नीट थांबत नाही आणि पुढचा नीट निघत नाही, तिला नुसता ‘आधार’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. मी ‘श्लेषपेशी’ लिहीन.

प्रतिसाद २ : आपले म्हणणे पटते, पण ‘श्लेष’ म्हटले की मराठी वाचकाला अलंकार आठवतो आणि ‘श्लेष्मा’ म्हटले की कफ. त्यापेक्षा ‘ग्लायल पेशी’ हेच ठेवावे.

प्रतिसाद १ : शंका रास्त आहे, परंतु ‘श्लिष्’ या धातूचा अर्थ चिकटणे असा आहे तसाच मिठी मारणे असाही आहे आणि ‘आश्लेष’ हा शब्द मराठीत त्याच अर्थाने रुळलेला आहे. सरस निर्जीव असतो, मिठीला दोन बाजू असतात; ताराकार पेशीच्या फाट्यांचे वर्णन यापेक्षा नेमके होईल असे मला वाटत नाही. पहिल्या उल्लेखात ‘श्लेषपेशी, म्हणजेच ग्लायल पेशी’ असे लिहिले की अलंकाराचा घोटाळा उरत नाही.

‘आंतरक्रिया’बद्दल मात्र माझा आग्रह आहे. हा शब्द ‘आतल्या आत चालणारी क्रिया’ असा वाचला जातो, आणि येथे तर देवघेव दोन वेगळ्या पेशींमध्ये आहे. ‘अन्योन्यक्रिया’ लिहावे. काही ग्लायल पेशी चेतापेशींच्या अक्षतंतूंवर, म्हणजे संदेश वाहून नेणाऱ्या लांब तंतूंवर, मायलिन या स्निग्ध द्रव्याचे आवरण चढवतात, सूक्ष्म ग्लायल पेशी वाढत्या मेंदूतील नको असलेली संपर्कस्थाने गिळून टाकतात, तर चेतापेशी किती सक्रिय आहे यावर या दोन्ही कामांचे प्रमाण ठरू शकते. क्रिया दोन्हीकडून आहे हे ‘अन्योन्य’मध्ये आपोआप येते.

प्रतिसाद ३ : एक पुरवणी. लेखात कुठे ‘मज्जापेशी’ आले असल्यास तेही बदलावे. ‘मज्जासंस्था’ रूढ आहे, पण ‘अस्थिमज्जा’ही रूढ आहे आणि ‘मज्जापेशी’ वाचून हाडातल्या पेशींचा समज होतो. ‘चेतापेशी’ निःसंदिग्ध आहे.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. शीर्षक आता ‘चेतापेशी आणि श्लेषपेशी यांची अन्योन्यक्रिया’ असे करते.