कैलास लेण्यात सावल्या काळ्याठिक्कर येतात, काय करू?

कातळवेडा: वेरूळला सकाळी दहाला गेलो होतो. आभाळ पांढरंफटक, खांब नि हत्ती नुसते काळे. फोटो जेपेगमध्येच (कॅमेऱ्याने आवळून दिलेली तयार फाइल) काढलेत. सावलीतलं कोरीवकाम कसं टिपायचं?

सह्यभटक्या: अहो, वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख! त्यात कैलासामागचा कडा तीसेक मीटर उंच, सकाळचं ऊन तोच अडवतो. दुपारी तीननंतर जा. तिरपं ऊन आलं की कोरलेली प्रत्येक कड सावलीनेच उठून दिसते. मंगळवारी बंद असतं हं.

छायाताई: रॉमध्ये काढा, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती राखणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये. उन्हातल्या दगडावर स्पॉट मीटरिंग करून (फक्त तेवढ्याच जागेचा उजेड मोजून) एक्स्पोजर, म्हणजे आत येणारा प्रकाश, जरा कमीच ठेवा. सावली नंतर एडिटिंगमध्ये उजळता येते, जळालेलं आभाळ परत येत नाही. खरं तर आभाळ फ्रेममध्ये घेताच कशाला?

कातळवेडा: आणि दक्षिणेकडचं कैलास हलवणाऱ्या रावणाचं शिल्प? ते तर खोल अंधारात.

छायाताई: तिपाईला (ट्रायपॉडला) परवानगी लागते, तेव्हा आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० ठेवा नि कठड्याला कोपर टेकवून काढा. पण एडिटिंगमध्ये सगळा अंधार पुसू नका बरं, शिल्प पोस्टरसारखं सपाट होतं. मला तर रावणाच्या पाठीमागचा काळोख हवाच असतो.