अनुभव धागा: गेमिंग पीसीचा ताप आणि पंख्यांची घरघर

मंडळी, मे महिना तोंडावर आला की दोन प्रश्न हमखास येतात. "गेम खेळताना प्रोसेसर ८५ अंशांना जातो, चालेल का?" आणि "पंखे इतके ओरडतात की हेडफोनमधूनही ऐकू येतात, काय करू?" दोन्ही प्रश्न बहुधा एकाच घरातून येतात, म्हणून एकच धागा काढतोय. आपापले अनुभव सविस्तर लिहा.

माझं मत आधी सांगून टाकतो. नुसत्या आकड्याला घाबरून पंखे पळवू नयेत. रायझन ७००० ही प्रोसेसरची मालिका २०२२ मध्ये आली तेव्हाच एएमडीने सांगितलं होतं की भरपूर काम पडलं की हे प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जातील आणि ते तसेच बनवलेले आहेत. ७८००एक्स३डीची मर्यादा ८९ आहे, इंटेलच्या १३७००केची १००. मर्यादेला टेकला की प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो. खेळताना त्याच्या दहाएक अंश खाली असेल तर मी निवांत असतो.

एक विनंती: लिहिताना खोलीचं तापमान जरूर द्या. ते नसेल तर बाकीच्या आकड्यांची तुलनाच करता येत नाही.

नागपूरहून

खोलीच्या तापमानाचं आमच्याइतकं कोणाला कळणार! जानेवारीत माझी खोली २२ ला असते, मे महिन्यात कूलर बंद असला तर ३८-४०. हवेवर थंड होणाऱ्या पीसीत खोली जेवढी चढते, साधारण तेवढाच प्रोसेसर चढतो. हिवाळ्यात ६८ दाखवणारा माझा ५६००एक्स उन्हाळ्यात ८५ दाखवतो आणि त्यात काहीही बिघडलेलं नसतं. इथे दर उन्हाळ्यात मुलं घाबरून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) बदलायला धावतात, तेव्हा वाईट वाटतं.

मी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, दोन प्रोफाइल ठेवली आहेत. उन्हाळी प्रोफाइलमध्ये फॅन कर्व्ह (कुठल्या तापमानाला पंख्याचा वेग किती, ते ठरवणारी रेषा) अख्खा पंधरा अंश उजवीकडे सरकवलाय. हिवाळ्यात ६० ला जो वेग, तोच उन्हाळ्यात ७५ ला. प्रोसेसर तेवढा जास्त गरम राहतो, पण आवाज बारा महिने सारखा.

डेझर्ट कूलरबद्दल थोडं. कोरड्या उन्हाळ्यात तो खोली झकास उतरवतो, पण कॅबिनेट त्याच्या थेट झोतात ठेवू नका. वाऱ्याबरोबर बारीक तुषार येतात, पाणी क्षाराचं असेल तर हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर पांढरी पूड धरते आणि ती ब्लोअरने निघत नाही. माझं कॅबिनेट कूलर ज्या भिंतीला आहे त्याच भिंतीला, झोताच्या बाहेर आहे. पावसाळा लागला की हवाच दमट होते, मग कूलरचा काही उपयोग उरत नाही.

पुण्याहून

भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. रूममेटला पहाटे कंपनीची बस पकडायची असते, त्यामुळे रात्री अकरानंतर आवाज करून चालत नाही. मशीन: रायझन ७७००एक्स, त्यावर डीपकूलचा एके६२० एअर कूलर, आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड. खोली २८ ते ३१.

त्रास व्हायचा तो चढउताराचा. गेम चालू असताना एकसुरी सूं सूं आवाजावर रूममेट छान झोपायचा, पण मी गेम बंद करून नुसता ब्राउझर उघडला की पंखा व्हूंऽऽ करून चढायचा, चार सेकंदांत उतरायचा, परत चढायचा. तो दचकून उठायचा त्याने. कारण समजायला सोपं आहे. रायझनला छोटंसं काम मिळालं तरी त्याचा एखादा कोर, म्हणजे आतला एक स्वतंत्र भाग, पूर्ण वेगाला जातो आणि तापमान क्षणात १५-२० अंश उडी मारून खाली येतं. मदरबोर्डचा तयार कर्व्ह त्या प्रत्येक उडीमागे धावतो. हीटसिंक मात्र तेवढ्यात गरमही झालेला नसतो, म्हणजे पंखा उगाच धावतो.

आता माझा कर्व्ह असा आहे: ६० अंशांपर्यंत वेग अजिबात हलत नाही, सरळ रेषा. मग ८५ पर्यंत अगदी हळू चढण, आणि ९० नंतरच पूर्ण वेग. वेग चढण्यापूर्वी आणि उतरण्यापूर्वी काही सेकंद थांबायला सांगणारी सेटिंग बहुतेक बोर्डांवर असते. ती जेवढी देता येईल तेवढी दिली आहे. झटके गेले.

दुसरी गोष्ट इको मोड, म्हणजे प्रोसेसरने ओढायची वीज कमी करणारी सेटिंग. ७७००एक्स हा १४२ वॅटपर्यंत ओढतो, इको मोडच्या ६५ वॅटच्या पर्यायावर, नाव ६५ चं असलं तरी, तो ८८ वॅटला अडतो. सगळे कोर दामटणाऱ्या बेंचमार्कमध्ये थोडे गुण कमी झाले. गेममध्ये फरक दिसला नाही, कारण बहुतेक गेम सगळे कोर भरतच नाहीत. जी उष्णता तयारच झाली नाही, ती बाहेर काढायला पंखा लागत नाही. माझ्या मते सुरुवात इथून करावी, कूलरच्या किमती बघण्याआधी.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात उशिरा उमगली आणि तीच सगळ्यात कामाची ठरली. कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरच्या तापमानावर बांधलेले असतात. पण खेळताना कॅबिनेटमधली बरीचशी उष्णता ग्राफिक्स कार्डाची असते. ४०७० दोनशे वॅटचं आहे, तेव्हा माझा प्रोसेसर सत्तरच्या आसपास ओढत असतो. बायोसला ग्राफिक्स कार्डाचं तापमान सहसा कळत नाही. म्हणून फॅनकंट्रोल हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं. त्यात प्रोसेसर आणि कार्ड असे दोन कर्व्ह करून दोघांपैकी जो जास्त वेग मागेल तो घ्यायचा, असं मिश्रण करता येतं. कार्डाचं तापमान सावकाश चढतं, त्यामुळे कॅबिनेटचे पंखेही सावकाश चढतात. कानाला कळतसुद्धा नाही.

नाशिकहून

मी गेम खेळत नाही, माझा मुलगा खेळतो. पण हॉलमध्ये पेपर तपासायला मीच बसते, तेव्हा लिहायचा हक्क आहे असं समजते.

आमचं कॉम्प्युटर टेबल जुन्या पद्धतीचं. उजवीकडे खाली सीपीयूसाठी कप्पा, तीन बाजू प्लायच्या, मागे केबलपुरतं गोल भोक. मुलगा नवीन पंखे घ्यायचे म्हणून मागे लागला होता. एकदा खेळताना मी त्या कप्प्यात हात घातला तर इस्त्रीच्या कपड्यांसारखी ऊब. मागून निघालेली गरम हवा कप्प्यातच फिरून पुढून परत आत जात होती. दोघांनी मिळून कॅबिनेट बाहेर काढलं, टेबलाच्या डाव्या अंगाला चार इंच उंच लाकडी पाटावर ठेवलं, मागच्या भिंतीपासून वीतभर अंतर. त्याने स्क्रीनवर दाखवलं, प्रोसेसर ८८ वरून ७७ ला आला. आवाज तर मला आकडा न बघताच कळला. पंख्यांचे पैसे वाचले ते त्याने पेनड्राइव्हवर घालवले, तो विषय वेगळा.

धागाकर्ता

ताई, फार मोलाचं लिहिलंत. घरात करून बघण्यासारखी चाचणी यालाच जोडून सांगतो: कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तोच गेम तेवढाच वेळ खेळा. तापमान सात-आठ अंशांनी उतरलं तर हवेचा रस्ता अडलाय असं समजा. एक-दोनच अंशांनी उतरलं तर रस्ता बरा आहे, दुखणं कूलरमध्ये, पेस्टमध्ये किंवा वॅटमध्ये शोधा.

मुंबई, दादरहून

घरून आवाज रेकॉर्ड करते, रात्री त्याच मशीनवर खेळते. माइकला सगळं ऐकू येतं, म्हणून या विषयाच्या पार मुळाशी जावं लागलं.

पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने पडतो. कानाला १० डेसिबलची घट म्हणजे अंदाजे निम्मा आवाज. उलट, एकासारखे दोन पंखे लावले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. हिशेब करा: १४०० आरपीएमवरच्या एका पंख्याऐवजी ७०० वर तीन लावले तर हवा दीडपट मिळते आणि आवाज तरीही दहाएक डेसिबलने कमी. मी लॅमिंग्टन रोडवरून १२० मिलिमीटरचे साधे पंखे घेतले, पुढे तीन, मागे एक. दिव्यांचे महाग पंखे घ्यायची गरज पडली नाही.

दुसरं म्हणजे सूर. प्रत्येक पंख्याचा एखादा वेग असा असतो की त्याची आणि पत्र्याची गाठ जमते आणि कॅबिनेट गुणगुणायला लागतं. माझ्याकडे ते ९५० आरपीएमच्या आसपास होतं. पंखा एकेक पाऊल चढवत, कान लावून, तो पट्टा शोधावा आणि कर्व्हमध्ये तो वेग ओलांडून पुढे उडी द्यावी. पंख्याच्या स्क्रूऐवजी रबरी पिना लावल्या तरी खूप फरक पडतो.

आणि फ्रेम रेटला (सेकंदाला किती चित्रं काढायची त्याला) लगाम घाला, ही कळकळीची विनंती. व्हॅलोरंटसारखा हलका गेम मोकळा सोडला तर शेकडो फ्रेम काढत प्रोसेसर आणि कार्ड दोघांनाही राबवतो. काही गेमचा नुसता मेनू उघडा असला तरी कार्ड पूर्ण जोरात चालतं. माझा मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे, मर्यादा १४१ ला बांधली आहे. ग्राफिक्स कार्डातून येणारी ती बारीक शीळ, कॉइलची, तीसुद्धा याने बरीच दबली.

कोल्हापूरहून

मशीन जोडून देणं हा माझा धंदा. गिऱ्हाईक "पंखा लई वरडतोय" म्हणून मशीन घेऊन आलं की मी आधी हाताने चार गोष्टी बघतो.

पंख्यांची दिशा: चौकटीच्या कडेला बाण असतो, नसला तर ज्या बाजूला मोटर धरणारे आडवे दांडे दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढचे पंखे उलटे लावलेली मशीनं दर महिन्याला येतात. मग कूलरच्या तळाची, काढायची राहून गेलेली प्लास्टिकची फिल्म. मग इंटेलच्या डब्यातल्या कूलरच्या चार पुश पिना, त्यातली एक हमखास अर्धी बसलेली असते. बोर्डाच्या मागून बघितल्याशिवाय कळत नाही. शेवटी पेस्ट.

इंटेलच्या १२४०० प्रोसेसरवाल्यांसाठी खास. कागदावर हा ६५ वॅटचा, पण टर्बोत, म्हणजे जादा जोर लावताना, ११७ वॅटपर्यंत जातो आणि काही बोर्ड त्याला वेळेचं बंधनच घालत नाहीत. डब्यातला छोटा कूलर मग जिवाच्या आकांताने फिरतो. बायोसमध्ये दोन्ही पॉवर लिमिट (सततची आणि टर्बोची) ६५ करून द्यावी. गेममध्ये तो सहसा तेवढ्यातच असतो. गिऱ्हाइकाला नवीन कूलर विकण्याआधी मी हे करून देतो, आणि निम्मी माणसं त्यावरच समाधानाने परत जातात.

बंगळूरहून

अंडरव्होल्टिंग करणाऱ्यांनी, म्हणजे ताप कमी व्हावा म्हणून प्रोसेसरचं व्होल्टेज उतरवणाऱ्यांनी, एक लक्षात ठेवा. रायझनच्या कर्व्ह ऑप्टिमायझर या त्यासाठीच्या सेटिंगमध्ये सरसकट उणे ३० टाकून बेंचमार्क पास झाला म्हणजे काम झालं असं नाही. गडबड भरपूर कामात दिसत नाही. मशीन जवळपास रिकामं असताना एखादा कोर उंच वेगाला जातो आणि तिथेच रीस्टार्ट होतो. एकेक कोर वेगळा तपासणारं कोअरसायकलर हे सॉफ्टवेअर रात्रभर चालवा. माझे दोन कोर उणे १२ च्या पुढे जातच नाहीत, बाकीचे उणे २५ वर खुशाल आहेत.

म्युनिकहून

इथे खोली २० अंश, बाहेर रस्ता शांत, त्यामुळे पंप ऐकू येतो. लिक्विड कूलर (नळ्यांतून पाणी फिरवून प्रोसेसर थंड करणारा) घेतलेल्यांसाठी दोन शब्द. रेडिएटरचं (पाणी निववणाऱ्या जाळीचं) वरचं टोक पंपाच्या वर असलंच पाहिजे, नाहीतर नळीतली हवा पंपात येऊन गुरगुर सुरू होते. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावला की तो प्रश्न मिटतो. आणि पंखे प्रोसेसरवर बांधू नका, पाण्याच्या तापमानावर बांधा. पाणी तापायला कितीतरी मिनिटं लागतात, म्हणून पंखे शांतपणे चढतात. माझे ३८ अंशांपर्यंत ६०० आरपीएमवर असतात. पंप एका ठरावीक वेगावर.

रत्नागिरीहून

आमच्याकडे धूळ कमी, पण दमट खारी हवा. धूळ पात्यांवर चिकटून बसते आणि स्क्रू गंजतात. पावसाळ्यात आठवडाभर मशीन बंद ठेवू नये, रोज थोडा वेळ चालवावं. जाळ्या दर महिन्याला धुऊन, पूर्ण वाळवून लावतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं फिरलं तर बेअरिंग जातं आणि मग जी खरखर सुरू होते तिला कुठलीच सेटिंग नाही.

लातूरहून

मी या वाटेला यूपीएसमुळे आलो. ६०० व्हीएचा, म्हणजे ३६० वॅटचा यूपीएस, त्यावर रायझन ५६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० कार्ड. गेम रंगात आला आणि लाइट गेली की यूपीएस ओव्हरलोडची शिट्टी मारून सगळंच बंद. कार्ड १७० वॅटचं होतं, आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ७५ टक्के केली, म्हणजे १२८ च्या आसपास. फ्रेम ६० ला बांधल्या. सोबत पंखे इतके उतरले की घरच्यांनी पीसी बंद आहे का म्हणून विचारलं. खोली पत्र्याची आहे, दुपारी ४१. प्रोसेसर ८२ च्या वर जात नाही.

आता ५६०० काढून ५८००एक्स३डी टाकायचा विचार आहे. त्याची मर्यादा ९० आहे आणि तो एका छोट्या चिपमधून बरीच उष्णता टाकतो असं वाचलंय. एवढ्या तापलेल्या खोलीत साध्या एकाच टॉवरच्या एअर कूलरवर तो कोणी चालवतंय का? चालवत असाल तर खोलीचा आकडा, पॉवर लिमिट आणि पंख्याचा वेग, तिन्ही लिहा.