'काका'चा 'ताता': थांबावं की दाखवावं?

काना_मात्रा :
अडीच वर्षांचं पोर 'काका'ला 'ताता' म्हणालं की लगेच स्पीच थेरपिस्टची वेळ घ्यायची, ही घाई मला अनाठायी वाटते. 'क', 'ग' म्हणताना जिभेचा मागचा भाग उचलून टाळूला लावावा लागतो. टोक पुढे दातांशी टेकवणं त्यापेक्षा सोपं, म्हणून 'कार'ची 'तार' आणि 'गार'चं 'दार' होतं. बहुतेक मुलांचं हे साडेतीनच्या आसपास आपोआप सुटतं. 'र'ला तर पाच-सहा वर्षंही लागू शकतात. ढोबळ हिशोब असा: मुलाचं बोलणं परक्या माणसाला दोन वर्षांच्या वयात निम्मं, तीनला पाऊण आणि चारला जवळजवळ सगळं कळावं. एवढं जमत असेल तर गप्प बसावं.

रफार :
हिशोब मान्य, पण तो परक्या माणसाच्या कानाचा आहे. घरचे तो स्वतःच्या कानाने मांडतात, घोटाळा तिथेच होतो. 'आऊ' म्हणजे चेंडू हे त्यांना पाठ झालेलं असतं, त्यामुळे 'आम्हाला सगळं कळतं' याला काही अर्थ नाही. मूल खेळत असताना तीन मिनिटं आवाज रेकॉर्ड करा, मुलाला न ओळखणाऱ्या कुणाला तरी ऐकवा आणि कळलेले शब्द मोजा.

दुसरं, चूक कुठल्या जातीची आहे ते बघा. 'क'चा 'त' होणं नेहमीचं. पण 'ताट'चं 'काक' होणं, बऱ्याच शब्दांचा पहिला वर्णच गळणं ('भात'चं 'आत'), स्वर बिघडणं, किंवा तोच शब्द दर वेळी वेगळा येणं, इथे वयाची वाट बघू नये.

अनुनासिक :
तुम्ही दोघंही जिभेवरच अडलात. आधी कान! सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साठलं तर मूल बहिरं होत नाही, पण कानात बोटं घातल्यासारखं ऐकतं. 'स', 'फ' असे हलके आवाज त्यात हरवतात. जे नीट ऐकूच येत नाही ते तोंडून कसं येणार? जन्मानंतरची तपासणी पास झाली होती, हे उत्तर पुरेसं नाही. पाणी नंतर साठतं. मागून टाळी वाजवून बघणंही फसवं, कारण टाळी मोठी असते. टिंपॅनोमेट्रीला, म्हणजे हवेच्या दाबाने कानाचा पडदा किती हलतो ते बघणाऱ्या तपासणीला, एका कानासाठी काही सेकंद लागतात, आणि अडीच-तीन वर्षांच्या मुलाची खेळातून श्रवणचाचणी बहुधा जमते.

काना_मात्रा :
कानाचं मान्य, तिथे थांबा म्हणणार नाही. पण घाईचा दुसरा प्रकार बघा: बोबडं बोलतं म्हणून जिभेखालची तार कापून आणायची. दूध ओढता येत नसेल तर गोष्ट वेगळी. उच्चार त्याने सुधारतात याला भक्कम आधार नाही. फुंकर मारणं, जीभ बाहेर काढणं या व्यायामांचंही तेच. फुंकर मारून फुंकर सुधारते, 'क' नाही.

वेलांटी :
मग घरी करायचं काय, ते कुणीच सांगितलं नाही. 'म्हण, काका म्हण' हे बंद. मूल 'ताता आला' म्हणालं की 'हो, काका आला! काका बसला' एवढंच, 'का' किंचित लांबवून. दुरुस्ती करायची नाही, बरोबर रूप कानावर पडू द्यायचं. आणि मोठ्यांनी लाडात स्वतः 'ताता' म्हणू नये.

तीन वर्षांच्या पुढे, एकाच आवाजाचा फरक असलेल्या शब्दांच्या जोड्यांचा खेळ: कार-तार, काप-ताप. दोन चित्रं मांडायची, आपण एक नाव घ्यायचं, मुलाने ते उचलायचं. ऐकून फरक कळू लागला की भूमिका बदलायच्या; मुलाला कार हवी असताना हातात तार आली की चूक त्याची त्यालाच कळते. रोज पाचच मिनिटं. 'क' आधी शब्दाच्या शेवटी जमतो, म्हणून 'नाक', 'एक'पासून सुरुवात. उताणं झोपवून म्हणायला लावलं तर जीभ थोडी मागे सरकते, काहींना तेवढंच पुरतं. चिडचिड झाली की त्या दिवशी खेळ संपला.

रफार :
हे सगळं उच्चारांसाठी. दोन वर्षांचं झालं तरी पन्नासेक शब्द नाहीत, 'दूध दे'सारखी दोन शब्दांची जोडणी नाही, तर तो प्रश्न भाषेचा आहे. चित्रांच्या खेळाने भागणार नाही. येत असलेले शब्द गेले तर कुठल्याही वयात त्याच आठवड्यात दाखवा.

काना_मात्रा :
तेवढं मान्य. पण निव्वळ 'क'च्या 'त'साठी अजूनही थांबाच म्हणेन.

रफार :
थांबा, पण आजचं रेकॉर्डिंग जपून ठेवा आणि तीन महिन्यांनी त्याच माणसाला नवं ऐकवा. कळलेल्या शब्दांचा आकडा हलला नसेल तर तुमचं थांबणं संपलं.