शिकवणारा गट मागा

डेस्टिनी २ या ऑनलाइन व्हिडिओ गेमच्या रेडमध्ये (संघाने मिळून पार करायच्या अवघड मोहिमेत) नवख्यांना कोणी घेत नाही, ही आपली तक्रार रास्त आहे. सहा जणांच्या संघात एकाची चूक सर्वांना भोवते, त्यामुळे अनोळखी खेळाडू अनुभवाची अट घालतात. तरीही २०२३ मध्ये खेळातच आलेल्या फायरटीम फाइंडर या संघ शोधण्याच्या सुविधेवर, आपण नवीन असल्याचे स्पष्ट सांगून, शिकवणाऱ्यांचा गट अवश्य शोधावा. अशा मार्गदर्शकांना तिथे शेर्पा म्हणतात आणि त्यांचा संयम खरोखर वाखाणण्याजोगा असतो. आमच्या नाशिकच्या मित्रमंडळात व्हॉल्ट ऑफ ग्लास या रेडमधील ऑरॅकल (उगवतील त्याच क्रमाने फोडायची चमकती लक्ष्ये) ज्या क्रमाने उगवतात, तो क्रम एकच जण ‘डावा, मधला, उजवा’ असा मोठ्याने सांगतो आणि बाकीचे तेवढा वेळ गप्प राहतात. चुकणाऱ्यावर खेकसणारा गट मात्र तत्काळ सोडावा.