पामीरमधील मार्को पोलो मेंढ्याची शिकार: सोबती म्हणून जावे का?

कोथरूडकर:
नमस्कार. माझा मामेभाऊ अमेरिकेचा नागरिक असून त्याने ताजिकिस्तानच्या पूर्व पामीरमध्ये, मुरगाबच्या परिसरात, परवानाधारक आयोजकामार्फत मार्को पोलो मेंढ्याच्या (लांब वळणदार शिंगांच्या डोंगरी रानमेंढ्याच्या) शिकारीची सहल ठरवली आहे. बंदूक तोच चालवणार. मी केवळ सोबत यावे, असा त्याचा आग्रह आहे. माझे वय पन्नाशीच्या पुढे आहे आणि दर रविवारी सिंहगड चढण्याचा नेम आहे. भारतीय नागरिकाने अशा शिकारीस हजर राहणे कायद्याने चालते का, आणि शिंगे भेट म्हणून मिळाली तर ती पुण्याला आणता येतील का, हे जाणून घ्यायचे आहे. त्याहून मोठी शंका उंचीची आहे. शिकारीच्या पैशातूनच तेथील मेंढे वाचतात असे भाऊ सांगतो. ते कितपत खरे मानावे?

पेठेतला वकील:
आपला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा भारताच्या हद्दीतील शिकारीस लागू होतो. त्यामुळे ताजिक सरकारने रीतसर परवाना दिलेल्या शिकारीस तेथे हजर राहणे हा या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही. शिंगांचा विचार मात्र मनातून काढून टाकावा. आपल्या आयात धोरणात वन्य प्राण्यांच्या अवयवांवर मनाई आहे, शिवाय हा मेंढा साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्याशिवाय व्यापार न करण्याच्या यादीत, आहे. विमानतळावर ‘भावाने दिली’ हे उत्तर पुरणार नाही. तुमच्या भावालाही ती अमेरिकेत नेण्यासाठी तेथील वन्यजीव खात्याची स्वतंत्र परवानगी लागेल. तुम्हाला ताजिक व्हिसाखेरीज गोर्नो-बदख्शान प्रांतात (मुरगाब याच प्रांतात येते) शिरण्याचा वेगळा परवानाही काढावा लागेल.

हिमवाट:
सिंहगडाचा नेम पायांसाठी उत्तम आहे, पण उंचीची सवय होण्यासाठी त्याचा काहीही उपयोग नाही. पुणे सुमारे ५६० मीटरवर आणि सिंहगड १३०० मीटरच्या आसपास आहे. मुरगाब गावच ३६०० मीटरवर आहे आणि मेंढे त्याच्याही वर, साधारण ४००० ते ५००० मीटरच्या पट्ट्यात चरतात. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५७ टक्के उरतो, आणि तेथे दणकट तरुणालाही चार पावले भरभर टाकली की थांबावे लागते.

माझ्या मते प्रवासाचा मार्ग हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. किरगिझस्तानातील ओश शहर हजार मीटरच्या आत आहे; तेथून गाडीने एका दिवसात ३९०० मीटरवरील काराकुल सरोवरापर्यंत पोहोचता येते, आणि नेमके तेच टाळायला हवे. ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बेहून खोरोगमार्गे, म्हणजे सुमारे २१०० मीटरवर एक-दोन मुक्काम करून चढत जाणे लांबचे असले तरी शरीराला मानवणारे आहे. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, हा सर्वमान्य नियम आहे. पण शिकारीची सहल मोजक्या दिवसांत बसवलेली असते, म्हणून सरावाचे दिवस तुम्हालाच वेगळे मागून घ्यावे लागतील.

आणखी एक गोष्ट, जी सह्याद्रीत फिरणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. आपल्याकडे त्रास झाला की खाली उतरायचे आणि तासाभरात बरे वाटते. पूर्व पामीर हे पठार आहे. दऱ्यांचे तळच साडेतीन-चार हजार मीटरवर असल्याने तासन्‌तास गाडी चालवूनही उंची फारशी कमी होत नाही. डोकेदुखीसोबत उलट्या, तोल जाणे किंवा बसल्याजागी धाप लागणे असे काही दिसले, तर ‘उद्या बघू’ म्हणू नये. डायमॉक्स हे उंचीच्या त्रासावरचे औषध आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असल्यास ते अवश्य सांगावे.

माळरान:
पैशाच्या प्रश्नाला एक उत्तर नाही. पाकिस्तानात मारखोर या रानबोकडाच्या शिकारीच्या परवान्याच्या रकमेतील ८० टक्के वाटा स्थानिक गावांना मिळतो. राखण गावकऱ्यांच्या हिताची झाली, तेथे चोरटी शिकार घटली आणि २०१५ मध्ये मारखोरचा धोक्याचा दर्जाही सौम्य करण्यात आला. परंतु कॅनडातील अल्बर्टा प्रांतात राम माउंटनवर बिगहॉर्न मेंढ्यांचा जो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मोठ्या शिंगांचे नर वेचून मारल्याने पुढील पिढ्यांत शिंगे आणि वजन घटल्याचे दिसले. त्या निष्कर्षावर पुढे वाद झाला, तरी नर कोणता निवडला जातो याला महत्त्व आहे, हे कोणी नाकारत नाही. म्हणून आयोजकाला रोख विचारावे की कळपाची मोजणी कोण करते, किती वर्षांखालील नर सोडून देतात (शिंगांवरील वार्षिक वलयांवरून वय कळते), मांस कोणाला मिळते आणि मुरगाबच्या लोकांच्या हाती काय पडते. उत्तर गुळमुळीत आले, तर भावाचा दावा जाहिरातीपुरता समजावा.

लेहप्रेमी:
मेंढे पाहायचेच असतील तर लडाखला जावे. ग्या-मिरू भागात ‘नयन’ (तिबेटी रानमेंढा) आणि सिंधूकाठच्या उतारांवर ‘शापू’ (लडाखी रानमेंढा) दिसतो. उंचीचा प्रश्न तेथेही आहेच, पण लेहला रुग्णालय आहे.

कोथरूडकर:
सर्वांचे आभार. खोरोगमार्गे जाणे आणि सरावाचे दिवस वाढवणे या दोन अटी मी भावाला कळवल्या आहेत, त्या मान्य झाल्या तरच जाईन. मोजणीचा आणि पैशाचा प्रश्न त्याने आयोजकाला लेखी विचारावा, असेही सांगितले आहे.

हिमवाट:
विमा काढताना उंचीची मर्यादा आवर्जून वाचा. अनेक प्रवासी विमे ठरावीक उंचीच्या वर लागू होत नाहीत आणि शिकारीच्या सहलीतील अपघात त्यात बसतो का, हे कंपनीकडून लेखी घेणे बरे.